बारकावा आणि कीस

क्षुल्लक तपशिलाला मूळ विषयापेक्षा अधिक वजन देणे आणि ते देताना स्वतःची विद्वत्ता पुढे करणे, या वृत्तीला मराठीत काथ्याकूट, शब्दांचा कीस, घटपटाची खटपट अशी अनेक नावे मिळाली आहेत. या वृत्तीत दोन वेगळ्या प्रवृत्ती एकत्र नांदतात. एक प्रवृत्ती ज्ञान मिरवण्याची. दुसरी नियमाला त्याच्या हेतूपासून तोडून एकट्यानेच पूज्य मानण्याची. पहिलीला ऐकणारा लागतो; चारचौघांसमोर दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय तिचे समाधान होत नाही. दुसरीला कोणीच लागत नाही. बंद खोलीत एकटा बसलेला कारकूनही तिच्या आहारी जाऊ शकतो.

या दोषाला उत्तर देणे अवघड जाते, कारण काढलेली चूक बहुधा खरी असते. वक्त्याने सांगितलेले साल एका वर्षाने चुकलेले असते, अर्जातली वेलांटी खरोखरच उलटी असते, श्लोकातला शब्द खरोखरच वेगळा असतो. दोष सत्यासत्याचा नसून प्रमाणाचा असतो. दुष्काळावरच्या भाषणात साल चुकले, म्हणून दुष्काळाची चर्चा थांबवून सालाची चर्चा सुरू करणारा माणूस खोटे बोलत नाही. तो सभेचा वेळ आणि लक्ष दोन्ही भलतीकडे नेतो.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांना दिला आणि दहावा समास पढतमूर्खाच्या लक्षणांना. शिकलेल्या मूर्खाला वेगळा समास देण्यामागे खोल निरीक्षण आहे. अडाण्याला आपले न्यून ठाऊक असू शकते. ज्याचे वाचन आणि वर्तन यांत फारकत झाली आहे, त्याला मात्र त्याचे वाचनच आडोसा पुरवते. फ्रान्समध्ये मिशेल द मोंतेन्य याने १५८० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत याच विषयावर एक स्वतंत्र निबंध आहे, आणि त्याची तक्रारही जवळपास हीच आहे: स्मरणशक्ती भरली जाते, समज रिकामी राहते. रामदास आणि मोंतेन्य यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन दूरच्या समाजांना एकच दोष स्वतंत्रपणे टोचला, एवढे यावरून दिसते.

तपशील लहान आहे एवढ्यावरून त्याचा आग्रह धरणाऱ्याला कीस पाडणारा ठरवता येत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली पूर्णत्वास गेले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते वापरली गेली आणि आवृत्तीचे १९ खंड झाले. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी पाठ ठरवण्याची जी पद्धत घालून दिली, तिच्यात एकेका अक्षराचा फरक श्लोकाखाली नोंदवला जातो. कोणत्या प्रतीत शब्द कोणता, कोणत्या प्रतीत ओळच नाही, हे सारे तिथे असते. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ कीस वाटेल. पण याच तुलनेतून व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले ही घरोघर ठाऊक असलेली कथा मूळ संहितेत बसत नाही, असा निर्णय झाला आणि ती परिशिष्टात गेली. अक्षराअक्षराच्या नोंदीविना हा निर्णय केवळ मताचा राहिला असता.

एकच तपशील एका ठिकाणी जीव की प्राण असतो आणि दुसऱ्या ठिकाणी निरर्थक, याचे उदाहरण शिवकालाच्या तारखांत सापडते. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या दिवशी झाला असे मानले जाते आणि त्याची तारीख १९ फेब्रुवारी १६३० अशी दिली जाते. ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेतली आहे. आज प्रचलित असलेल्या ग्रेगोरियन गणनेने ती १ मार्च येते. पोर्तुगालने नवी गणना १५८२ साली स्वीकारली, इंग्लंडने १७५२ साली. म्हणजे शिवकालात सुरतेच्या इंग्रज वखारीतून गेलेले पत्र आणि गोव्याहून लिस्बनला गेलेले पत्र एकाच दिवशी लिहिलेले असले, तरी त्यांवरच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर असते. मोहीम आधी की तह आधी, हेर आधी पोहोचला की सैन्य, हे ठरवताना अभ्यासकाने हे दहा दिवस विसरून चालत नाही. विसरला तर कार्य आणि कारण यांची अदलाबदल होते. मात्र शिवजयंतीच्या मिरवणुकीत जाऊन तारीख चुकल्याचे सांगणाऱ्याच्या हाती तेच दहा दिवस कीस होतात. उत्सवाचा हेतू स्मरणाचा आहे आणि त्या स्मरणात गणनेच्या फरकाने काहीही बदलत नाही.

म्हणून बारकावा आणि कीस यांतला भेद तपशिलाच्या आकारावरून होत नाही. तो तपशील बदलला तर निर्णय, अर्थ किंवा परिणाम बदलतो का, यावरून होतो. १९९९ साली मंगळाकडे गेलेले अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान नष्ट झाले, कारण एका संघाने बलाचे आकडे पौंडांच्या मापात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापातले समजून वापरले. औषधाच्या मात्रेतला दशांश चिन्हाचा ठिपका, पुलाच्या आराखड्यातला सळईचा व्यास, रेल्वेच्या सिग्नलची वायर हे सारे याच जातीचे. तिथे आग्रही माणूस लागतोच.

भारतीय व्याकरणपरंपरेने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे मुखोद्गत करायची होती, त्यामुळे सूत्रातले एकेक अक्षर वाचवण्याला खरे मोल होते. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माइतका आनंद होतो, असे नागेशभट्टांच्या परिभाषेन्दुशेखरात म्हटले आहे. अठराव्या शतकात काशीत राहिलेल्या या महाराष्ट्रीय पंडिताचे ते वचन पुढे थट्टेसाठी वापरले गेले, पण मुळात ते पाठांतरावर जगणाऱ्या विद्येची गरज सांगते. या परंपरेने स्वतःला मर्यादाही घालून घेतली. पतंजलीच्या महाभाष्यात एक साधा मुद्दा आहे: घडा हवा असलेला माणूस कुंभाराकडे जाऊन घडा बनवून मागतो, शब्द हवा असलेला माणूस मात्र वैयाकरणाकडे जाऊन शब्द बनवून मागत नाही. शब्द लोकांकडे आधीच असतात आणि व्याकरण मागून येऊन त्यांची व्यवस्था लावते. कीस पाडणारा हा क्रम उलटा करतो.

सामूहिक जीवनात ही वृत्ती वेगळ्या रूपाने दिसते. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन याने १९५७ साली एका काल्पनिक समितीचे वर्णन केले. ती समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी काही मिनिटांत मंजूर करते आणि ३५० पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास घालवते. अणुभट्टी कोणालाच कळत नाही, शेड सर्वांना कळते. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत बसलेल्या नवी मुंबईकराला हे वर्णन परके वाटणार नाही. पुनर्विकासाचा करारनामा, बांधकामाची हमी, भाड्याची तरतूद हे विषय वाचायला आणि समजायला जड असतात. मागच्या इतिवृत्तातला एक शब्द किंवा जिन्याच्या भिंतीचा रंग यावर मात्र प्रत्येकाला मत असते. सभासद आळशी नसतात. जिथे आपले म्हणणे खात्रीने मांडता येते तिथे ते बोलतात, आणि खात्री लहान गोष्टींतच असते. यावरचा उपाय सभासदांना गप्प करण्याचा नाही. अवघड कागद सभेच्या पुरेसे आधी आणि सोप्या मराठीत त्यांच्या हाती देणे, हा आहे.

नियमाचे अक्षर न अक्षर पाळल्याने काय होते, याचा प्रयोग कामगार चळवळीने वारंवार करून दाखवला आहे. ‘नियमानुसार काम’ या आंदोलनात कोणीही संपावर जात नाही. प्रत्येक जण पुस्तकातला प्रत्येक नियम जसाच्या तसा पाळतो आणि काम ठप्प होते. या हत्याराचा उपयोग होतो यातच एक महत्त्वाची कबुली आहे: कोणतीही यंत्रणा केवळ लिखित नियमांवर चालत नाही. नियमाचा हेतू ओळखून तो वापरणाऱ्या माणसांच्या समजुतीवर ती चालते. काही माणसांत मात्र हा हेतू ओळखण्याची शक्तीच आखडलेली असते. यादी, क्रम, नेटकेपणा यांत ती इतकी गुंततात की हातातले काम पुरे होत नाही. मानसशास्त्र याची गणना व्यक्तिमत्त्वाच्या विकारांत करते. त्या माणसांना पढतमूर्ख म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे, त्यांना उपचारांची गरज असते.

मराठी समाजात या सगळ्याची सर्वांत मोठी रणभूमी लेखनाची राहिली आहे. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले, मोरो केशव दामल्यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ साली. या काळात आणि पुढेही मराठी लेखनात असे असंख्य अनुस्वार दिले जात, जे पुण्याच्या शिष्ट बोलीत उच्चारले जात नसत: नांव, गांव, नाहीं, तेथें. ते जुन्या रूपांची आठवण ठेवत. काही ठिकाणी ते अर्थही सांभाळत. ‘तें’ म्हणजे एकवचनी नपुंसकलिंगी आणि ‘ते’ म्हणजे अनेकवचनी पुल्लिंगी, हा फरक बिंदूमुळे डोळ्यांना दिसे. हे अनुस्वार ठेवावेत की काढावेत यावर कित्येक दशके वाद झाले. अखेर मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली, आणि अनुच्चारित अनुस्वार गेले.

त्या वादाकडे आज पाहताना दोन्ही बाजूंना न्याय द्यायला हवा. बिंदू ठेवा म्हणणाऱ्यांजवळ इतिहास होता. शिवाय कोकणातल्या अनेक बोलींत हे अनुनासिक उच्चार जिवंत होते आणि आजही आहेत, त्यामुळे ते ‘अनुच्चारित’ ठरवण्यात एका भागाचा उच्चार सर्वांचा मानला गेला. बिंदू काढा म्हणणाऱ्यांजवळ शाळेतले मूल होते. जे कानाला ऐकू येत नाही ते कुठे द्यायचे हे केवळ पाठ करून लक्षात ठेवावे लागे, आणि ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके होती त्या घरातल्या मुलाला ते सहज जमे, इतरांना जमत नसे. शिक्षण सर्वांपर्यंत न्यायचे ठरल्यावर हा बिंदू ज्ञानाचा राहिला नव्हता, प्रवेशद्वारावरचा पहारेकरी झाला होता. महामंडळाने तो हटवला हे योग्यच केले.

उरलेल्या नियमांपैकी कित्येकांमागे उच्चाराचा स्पष्ट आधार आहे आणि त्यांना कीस म्हणणे चूक ठरेल. नवी मुंबईच्या भूगोलातच त्याची उदाहरणे आहेत. बेलापूर या नावात ‘पू’ दीर्घ, बेलापूरला जाणारा माणूस दीर्घच लिहितो, पण तिथे राहतो तो ‘बेलापुरात’ राहतो आणि तेव्हा ‘पु’ ऱ्हस्व होतो. शब्दाचे सामान्यरूप झाले की त्याचा उपान्त्य स्वर आखडतो. हे प्रत्येक मराठी माणूस न शिकता बोलतो आणि नियम फक्त ते कागदावर उतरवतो. याच न्यायाने नेरूळ दीर्घ लिहायला हवे. प्रत्यक्षात दुकानांच्या पाट्यांवर, निमंत्रणपत्रिकांवर नेरूळ आणि नेरुळ ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी दिसतात, आणि त्यामुळे आजवर कोणाचे टपाल चुकलेले नाही. टपाल चुकते ते सेक्टरचा क्रमांक लिहून उपनगराचे नाव गाळल्याने, कारण सेक्टर १० वाशीतही आहे, नेरूळमध्येही आणि खारघरमध्येही.

ळ आणि ल यांचा प्रश्न याहून खोल जातो. रेल्वेच्या फलकांवर मराठी आणि हिंदी या दोन्ही ओळी देवनागरीत असतात. हिंदीच्या प्रभावाने नवी मुंबईतल्या ‘रबाळे’ स्थानकाचे ‘रबाले’ झाले, अशी तक्रार मराठीचा अभिमान असलेले लोक करतात. प्रमाण मराठीत नाव ळ घेऊनच लिहावे, यात शंका नाही. फलक, नकाशा आणि दस्तऐवज यांत एका नावाचे एकच रूप असणे ही सर्वांच्या सोयीची गोष्ट आहे. पण तक्रार इथे थांबत नाही. ‘ल म्हणणारा तो परका’ अशा टोकाला ती पोहोचते, आणि तिथे ती या भूमीच्या मूळ रहिवाशांवरच उलटते. १७ मार्च १९७० रोजी सिडको या शहर-नियोजनाच्या सरकारी संस्थेची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसली. या गावांतल्या आगरी आणि कोळी समाजांच्या बोलीत ळचा ल होतो, णचा न होतो. कोळी स्वतःला कोली म्हणतो, पाणी म्हणजे पानी. त्याच उच्चाराने रबाळे त्यांच्या तोंडी रबालेकडे झुकते. म्हणजे फलकावरच्या ज्या ‘ल’ला बाहेरून आलेला मानून सुशिक्षित मराठी माणूस रागावतो, तो ‘ल’ त्या गावाच्या विहिरीवर आणि बंदरावर आधीपासून होता.

यातून प्रमाण लेखन सोडून द्यावे असा निष्कर्ष निघत नाही. लेखनाचा नियम लेखनाला लागू करावा, तोंडाला लावू नये, एवढाच निघतो. आगरी घरातले मूल वर्गात ‘पानी’ म्हणाले आणि शिक्षकाने तो उच्चार ‘अशुद्ध’ म्हणून सर्वांदेखत दुरुस्त केला, तर मूल ण शिकतेच असे नाही, गप्प राहायला मात्र नक्की शिकते. काय म्हणायचे होते ते राहून जाते. वहीत पाणी कसे लिहायचे हे त्याला शिकवलेच पाहिजे, कारण पुढचे सारे पेपर, अर्ज आणि करारनामे त्या रूपात असतात. घरी आई जे बोलते त्याला चूक ठरवून ते शिकवण्याची गरज नाही. ज्या शिक्षकांना आगरी बोलीचे हे दोन-तीन ध्वनिनियम माहीत असतात, ते मुलांना ‘तुमचा न तो लिहिताना ण’ असे सांगून मोकळे होतात. बोली जाणणे हा इथे उपयोगी बारकावा आहे, आणि तो बहुतेक प्रशिक्षणांत शिकवला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

उच्चार आणि लेखन यांतले हे अंतर जमिनीच्या कागदात शिरले की त्याचे परिणाम पिढ्यांवर होतात. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. भूखंड मिळवायचा तर सातबारा, फेरफार, वारस दाखला यांवरची नावे जुळावी लागतात. जुन्या नोंदी लिहिणाऱ्याने नाव जसे ऐकले तसे लिहिले. कुठे आडनाव नाही, कुठे बोलीतले घरगुती नाव, कुठे ळ तर कुठे ल. नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर त्याच आजोबांचे नाव प्रमाण मराठीत येते आणि दोन कागदांवर दोन माणसे उभी राहतात.

अशा वेळी अधिकाऱ्याने फरक दाखवणे हा कीस नव्हे. लाखमोलाच्या जमिनीवर तोतया वारस उभे राहतात आणि खरा वारस नागवला जातो, तेव्हा नावाची तपासणी हेच दुर्बळाचे संरक्षण असते. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र, ग्रामस्थांचे जबाब, जुन्या मतदारयाद्या यांनी तो फरक भरून काढता येतो. तपासणीचा कीस होतो तो पुढच्या पायरीवर: पुरेसा पुरावा समोर असूनही एका वेलांटीसाठी अर्ज परत जातो तेव्हा, एका खेपेला एक त्रुटी आणि दुसऱ्या खेपेला दुसरी सांगितली जाते तेव्हा, ळ आणि ल यांचा स्थानिक संबंध ठाऊक नसल्याने दोन भावांना परके मानले जाते तेव्हा. तिथे नियम खोट्या वारसाला अडवत नाही, कारण त्याचे कागद बहुधा नीटनेटकेच असतात. अडतो तो ज्याच्या आजोबांना लिहिता येत नव्हते तो.

नोंद चुकली ती लिहिणाऱ्याच्या हातून, लिहवून घेणाऱ्याच्या नव्हे. म्हणून ती जुळवून घेण्याचा भारही एकट्या अर्जदारावर टाकू नये. ज्याच्या ताब्यात नोंदवही आहे त्याने सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवाव्यात आणि प्रत्येक त्रुटी कोणत्या पुराव्याने दूर होईल हेही त्याच पत्रात लिहावे.